चार दिवस न उघडलेली पट्टी

पारूमावशी, तुला जाऊन आज सहा दिवस झाले. उद्या तुझ्या घरापुढच्या मांडवात जलदान विधी आहे, पुण्यानुमोदन आहे. परवा तुझा अशोक कारखान्याची पाळी संपवून सायकल मारत दवाखान्यात आला आणि म्हणाला, "सिस्टर, आईबद्दल चार शब्द तुमीच बोला. तुमच्याइतकं तिला कोन वळखत हुतं?" मी हो म्हणाले. हो म्हणाले आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली.

काय बोलू मावशी? तू जळिताच्या वॉर्डातली आया होतीस, कोल्हारपासून बेलापूरपर्यंतच्या बायाबापड्या तुला नावानं ओळखत होत्या, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकच. तुझ्या पायावरची ती पट्टी तू लावली नव्हतीस, मी लावली होती. डॉक्टरांना न विचारता, दार लोटून, माझ्या या दोन हातांनी. आणि तू मात्र स्ट्रेचरवरून सगळ्यांच्या देखत सांगितलंस की मीच लावली, हिला काय ठाऊक न्हाई. कुणी सांगितलं होतं तुला असलं खोटं बोलायला? मला विचारलंस का?

बघ, आत्ताही तुझ्यावर चिडतेच आहे. आपलं असंच चालायचं. मी नगरला ट्रेनिंग करून नवी नवी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू मला झापलं होतंस. ट्रेनिंगमध्ये मला शिकवलं होतं की भाजलेली जखम रोज उघडायची, पुसायची, औषधात भिजवलेली नवी जाळी लावायची. मी ती इमानेइतबारे उघडत होते आणि पेशंट किंचाळत होते. जाळीबरोबर कोवळी कातडी निघून यायची, रक्त यायचं, आणि मी तोंड घट्ट मिटून पुढच्या खाटेकडे जायचे. तू बादली घेऊन मागे उभी असायचीस. एकदा बादली दाणकन खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "ओ शिस्टर, पेरलेलं बी रोज उकरून बघितल्यावर उगवंल का?"

मी तुला सरळ सांगितलं, मावशी, तुम्ही फरशी पुसा, ड्रेसिंग मी बघते. तेव्हा मी तुला अहोजाहो करायचे, पण बोलणं असं. दुपारी डबा उघडताना मात्र तुझ्या भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात टाकलीस, वर म्हणालीस, "खा गं, रागानं भूक जास्त लागती."

त्यानंतर वर्षभरात आपले डॉक्टर ती वारेची गोष्ट घेऊन आले. बाळंतपणात बाळाच्या मागून वार पडते, तिला आतून एक पातळ पडदा चिकटलेला असतो, दुधावरच्या सायीहून पातळ. तो सोडवून, मिठाच्या पाण्यात आणि औषधात धुऊन भाजलेल्या अंगावर अंथरला की तो तिथं धरतो. वारा लागून होणारी आग थांबते, अंगातलं पाणी झिरपायचं थांबतं, आणि त्याच्या आधारानं खालून कातडी भरत येते. विकत मिळणाऱ्या कातडीच्या पट्ट्या आपल्या पेशंटांना परवडणाऱ्या नव्हत्या. बाळंतपणाचा वॉर्ड भिंतीपलीकडे होता. आईचं रक्त तपासून घ्यायचं, काविळीसाठी आणि त्या नव्या एड्ससाठी, आणि मग वार मागायची. डॉक्टरांना ते फार सोपं वाटलं होतं.

वार मागायची कुणी? आपल्याकडे वार घरी नेतात, मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून, न्हाणीजवळ नाहीतर परसात पुरतात. कुत्र्यामांजरानं उकरली तर बाळाच्या जिवाला घोर. ती परक्याच्या हाती कोण देणार? डॉक्टरांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू ताडकन म्हणालीस, "आमी हे सोडलंय, डॉक्टर. माज्या आईनं अख्ख्या गावाच्या वारा पुरल्या. वरनं भाकरीचा तुकडा टाकायचे. धर्म घेतला तवा बापानं सांगितलं, आता ह्या घरातलं कुनी वारंला हात लावनार न्हाई." आणि तू खोलीतून निघून गेलीस. डॉक्टर बिचारे ओशाळले. मलाही तेव्हा कळलं की तुझ्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

मग ती ममदापूरकडची बाई आली, गुऱ्हाळाच्या कढईत घसरलेली. उकळता रस. पाठ सगळी उघडी. पंखा लावला तरी ओरडायची आणि बंद केला तरी ओरडायची. तू दोन दिवस तिच्या उशाशी बसलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर तू बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात उभी, हातात नवंकोरं मडकं, आणि एका म्हाताऱ्या सासूशी घासाघीस चाललेली. "वार तुमची. तुमची तुमाला देते, ह्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून. मला निस्ता आतला पडदा द्या." ती सासू हट्टी. तिनं विचारलं, "कोनाची गं तू?" तू तिच्या हाताला धरलंस आणि जळिताच्या वॉर्डाच्या दाराशी आणून उभं केलंस. ती बाई पालथी पडलेली होती. सासूनं एकदा बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "घे बाई, घे. काय पाह्यजे ते घे."

मी तुला नंतर विचारलं, मावशी, तुमच्या वडिलांचं काय? तू पडदा धूत होतीस, बोटांनी अलगद, एकही भोक न पाडता. म्हणालीस, "आईला करावं लागत हुतं. मला कोन म्हनलं का कर म्हनून? मी माज्या मर्जीनं करते." त्या दिवसापासून मी तुला अगं मावशी म्हणायला लागले.

तो पडदा अंथरल्यावर रोज उघडायचा नसतो. धरला की राहू द्यायचा. आपलं भांडण तिथं संपलं आणि तू जिंकलीस. मी नवव्या दिवशी त्या बाईची पाठ बघितली, गुलाबी, ओलसर, भरत आलेली, आणि मी तुझ्यासमोर कान धरले. तू हसून सगळ्या वॉर्डाला सांगितलंस, "शिकल्याली माणसं उशिरा का व्हईना पन ऐकत्यात." मात्र तेव्हाच डॉक्टरांनी आपल्या दोघींना बजावलं होतं: जखम स्वच्छ असेल तरच झाकायची. खाली घाण राहिली तर हाच पडदा जिवावर उठेल. पेशंटला साखर असेल तर मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी हे वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे माझ्याकडे.

मागच्या वर्षी डॉक्टर पुण्याच्या कुठल्याशा सभेला जाऊन आले, तुला आठवतं? आल्यावर त्यांनी आपल्याला एक चित्र दाखवलं, कागदावर छापलेलं. विजेच्या जोरावर ओढलेले धागे, केसापेक्षाही कितीतरी बारीक, एकात एक गुंतलेले. त्याची जाळी जखमेवर ठेवली तर कातडीचे कण त्या धाग्यांना धरून वाढतील, असा परदेशात कुणाचा तरी विचार चालला होता. अजून प्रयोगशाळेतच होतं ते. मला धड कळलं नाही. तू चित्र उलटंसुलटं करून बघितलंस. "म्हंजी कारल्याच्या येलाला मांडव करतो तसंच की. येल आपला आपन चढतो." डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, बरोबर, अगदी बरोबर. मग तू विचारलंस, "आन ही जाळी आली म्हंजी वार मागायला नको?" ते म्हणाले, नको, पण आपल्याकडे यायला फार वर्षं लागतील. "येऊ द्या सावकाश. तवर मी हाय की."

तवर मी हाय की. मावशी, मला त्या जाळीचं आता नावही ऐकवत नाही. ती कधी येईल ती येईल. तुझ्या जागी दारात मडकं घेऊन कोण उभं राहणार?

आता त्या दिवसांकडे येते. टाळते आहे हे तुला कळतंच असेल.

सुरेखा दाखल झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकोणीस वर्षांची पोर, रॉकेलच्या स्टोव्हचा भडका, छाती, हात, मान. पडदा पुष्कळ लागणार होता आणि बाळंतपणाला आलेल्या बाया तीनच. तू सकाळपासून त्यांच्या सासवांना चहा पाजत होतीस. भांडी उकळायच्या खोलीत तुझ्या हातून पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी उजव्या पायावर पडलं. तू ओरडलीसुद्धा नाहीस. मी आवाज ऐकून धावत आले तर तू फडक्यानं फरशी टिपत होतीस. पायावर हातभर फोड. मी म्हणाले, चल डॉक्टरांकडे. तू माझा हात धरलास.

"न्हाई. त्यांनी बघितलं की घरी बशिवत्याल. साखर हाय म्हनत्याल, नगरला जा म्हनत्याल. मग ह्या पोरीचा पडदा कोन आननार? तू?"

"आणीन मी."

"तुला देत्यात का त्या? तू गेलीस तर म्हनत्याल डॉक्टरीन बाई वार इकायला नेती. लाव गं तूच. कालचा तुकडा उरलाय बाटलीत."

मला ठाऊक होतं तुला साखर आहे. गेल्या ईदेला अम्मीनं दिलेल्या शीरखुर्म्याच्या दोन वाट्या तू माझ्यासमोर संपवल्या होत्यास आणि मी हसत बघत होते. मला ठाऊक होतं की तुझे पाय बधिर आहेत, चप्पल निसटली तरी तुला कळायचं नाही. वहीत लिहिलेलं ठाऊक होतं. तरी मी लावलं. फोड कापले, धुतलं, तुकडा अंथरला, वरून जाळी आणि पट्टी. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, किती छान बसलाय. तू पायात मोजा चढवलास आणि लंगडत निघालीस मडकं घेऊन.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, बघू दे. तू म्हणालीस, "धरलंय. उघडू नको." मी म्हणाले, साखरेच्या माणसाचं रोज बघायचं असतं. तू सगळ्यांसमोर, सुरेखाच्या आईसमोर, नव्या शिकाऊ सिस्टरसमोर म्हणालीस, "आली परत उकराया." त्या दोघी हसल्या. मला लागलं, मावशी. खरं सांगते, मला ते लागलं. मी मनात म्हणाले, नको तर नको, माझं काय जातं. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. विसरले म्हणून नाही. फुगून बसले होते म्हणून. हे मी अम्मीलाही सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डात वास यायला लागला. आपल्या वॉर्डात वासाचं काय नवल? तिथं येणारी पाहुणी नाकाला पदर लावते आणि आपण तिथंच डबा खातो. तरीही तो वास वेगळा होता, गोडसर. मी घाबरून सुरेखाची खाट गाठली. तिचे दोन्ही हात बघितले, मान बघितली, सगळीकडे पडदा घट्ट धरलेला, कडेनं कुठे पाणी नाही. शेजारच्या दोन्ही पेशंटच्या पट्ट्या उघडल्या. काही नाही. तू फिनेल टाकून फरशी पुसायला आलीस, माझ्या अगदी पायाशी वाकलीस आणि म्हणालीस, "कुटंतरी उंदीर मेला आसंल." आणि आपण दोघींनी मिळून कपाट सरकवलं. मावशी, आपण दोघी उंदीर शोधत होतो. तुझा पाय माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मी कपाटामागे वाकून बघत होते.

दुपारी तू बाकावर बसलीस ती उठेचनास. अंग तापलेलं. मी मोजा ओढला आणि पट्टी कापली. पडदा खालच्या पाण्यावर तरंगत होता. बोटं काळी होती आणि काळेपणा घोट्याच्या वर गेला होता. तुला स्ट्रेचरवर घेतलं.

डॉक्टर आले. एवढं ओरडताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "कुणी झाकलं हे? कुणी?" मी तोंड उघडलं होतं, मावशी, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत तू बोललीस. ते मी वर लिहिलंच आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की पेशंटने परस्पर पट्टी केली. मी तो कागद हातात घेऊन तुझ्याबरोबर जीपमध्ये बसले. नगरपर्यंत तो माझ्या हातात होता. पेनही खिशात होतं.

नगरला मोठ्या दवाखान्यात त्यांनी गुडघ्याखालून पाय काढला. उशीर झाला होता. विष रक्तात गेलं होतं. तू दोन दिवस तग धरलास. एकदाच नीट शुद्धीवर आलीस तेव्हा मी जवळ होते. मला वाटलं आता तू मला शिव्या घालशील, निदान एकदा विचारशील की तिसऱ्या दिवशी का नाही बघितलंस. तू विचारलंस, "सुरेखाचं धरलं का?" मी म्हणाले, धरलं. "आन ती दोन नंबरच्या खाटंवरची, पयलटकरीन, मोकळी झाली का?" मी म्हणाले, झाली, मुलगी झाली. "तिच्या सासूला म्हनावं, पारूनं इचारलंय. ती देईल." मग तू डोळे मिटलेस. माफी मागायला माझ्याजवळ अख्खी दुपार होती. मी तुझ्या ओठांवर ओला बोळा फिरवत राहिले आणि एक शब्द बोलले नाही. अशोक चहा घेऊन येत होता, जात होता, आणि मी दर वेळी ठरवत होते की तो बाहेर गेला की बोलीन.

तू गेल्यावर त्यानं माझ्या पायांना हात लावला. "सिस्टर, तुमी लई केलं आईचं." मी पाय मागे घेतले, तर त्याला वाटलं मला संकोच वाटला.

तेव्हापासून मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. सुरेखा भरत आली आहे. काल तिनं स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला उचलला. तिची आई रडली, मीही रडले, पण मला आनंद झाला नाही. मला वाटलं, ही कातडी तू दिलीस आणि तुझी मी काढून घेतली. वेडाचार आहे, मला कळतं. डॉक्टर म्हणतात, साखरेचा पाय होता, आधी दाखवला असता तरी वाचला असता असं सांगता आलं नसतं. त्यांना अर्धंच ठाऊक आहे. पूर्ण ठाऊक असतं तर ते असं म्हणाले असते का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

पण उद्या मांडवात उभं राहून तुझे गोडवे गायचे, आणि लोकांनी माझ्याकडे बघून डोळे पुसायचे, हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून आज दुपारी ड्युटी संपल्यावर मी तुझ्या घरी गेले. अशोक मांडवाच्या बल्ल्यांना दोर बांधत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. बाटलीतला तुकडा, मोजा, वही, तिसरा दिवस, उंदीर. माझं फुगून बसणंसुद्धा सांगितलं. त्याच्या हातातला दोर तसाच.

मग त्यानं विचारलं, "दुखत हुतं का तिला?"

मी म्हणाले, "नाही. तिच्या पायाला काही जाणवतच नव्हतं."

"तिचा पाय बधिर हुता," तो म्हणाला. "तुमचे हात तर न्हवते."

मावशी, मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याचे भाऊबंद गोळा होतील, मला हाकलतील. तसं काहीच झालं नाही. तो परत बल्लीकडे गेला, गाठ आवळली, ओढून बघितली. मी फाटकापाशी पोचले तेव्हा त्यानं हाक मारली.

"सिस्टर. उद्या अकराला हाय. या. पन माज्या आईचं चांगलंचुंगलं बोलू नका, ते बोलाया गाव हाय. तुमी हे सांगा. आत्ता मला सांगितलं तसं. समद्यांम्होरं."

मी मान डोलावली. डॉक्टरही येणार आहेत. सुरेखाची आई येणार आहे, बाळंतिणींच्या सासवा येणार आहेत, ज्यांनी तुझ्या शब्दावर वारा दिल्या. उद्यानंतर त्या मला काही देतील की नाही, मला या वॉर्डात ठेवतील की नाही, मला माहीत नाही. तू असतीस तर माझ्या आधी बोलून मोकळी झाली असतीस. उद्या तू नाहीस. उद्या मला बोलावं लागेल, आणि मावशी, मला फार भीती वाटते आहे.